‘बोटीवर होते’, एवढंच माहीत होतं

पत्र :

माझे सासरे 82 वर्षांचे आहेत. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बोलणं कमी, स्वभाव थोडा तिरसट. आपल्या खुर्चीत बसून असतात. टीव्हीचा आवाज वाढला की चिडतात, चारजण एकदम बोलायला लागले की उठून आत जातात. तरुणपणी ते ‘बोटीवर होते’ आणि नंतर एका ऑफिसात हिशेब लिहायचे, एवढंच आम्हाला माहीत. माझ्या नवऱ्यालाही एवढंच.

गेल्या महिन्यात एका समारंभात एक अनोळखी वृद्ध गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, थोडा वेळ नुसते बघत राहिले आणि मग त्यांना मिठी मारून रडायलाच लागले. आमच्याकडे वळून म्हणाले, ‘आम्ही जे वाचलो ते यांच्यामुळे. पाणी आत येत होतं, तरी हे रेडिओरूम सोडून उठले नाहीत.’ अण्णा म्हणाले, ‘ते माझं कामच होतं,’ आणि गाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून घरात कुणाला काय बोलावं ते सुचत नाही. नवरा दुखावला आहे. म्हणतो, बाबांनी मला एवढं परकं का मानलं? मुलं भारावून गेली आहेत. अण्णांच्या वाढदिवसाला सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं, अण्णांवर व्हिडिओ करून दाखवायचा आणि त्यांना आधी पत्ता लागू द्यायचा नाही, असा त्यांचा बेत आहे. सासूबाईंना विचारलं तर ‘मला माहीत होतं’ म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मला मात्र स्वतःची लाज वाटते. अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत, आणि माणूस माहीत नाही. आता विचारावं का? कसं विचारावं? की गप्प बसावं? त्या गृहस्थांनी फोन नंबर दिलाय, त्याचं काय करू?

– एक सून

उत्तर :

लाजेचा विषय आधी संपवू. गोळ्यांच्या वेळा पाठ असणं ही किरकोळ गोष्ट नाही. 82 वर्षांचा माणूस स्वतःच्या पायांनी समारंभाला जातो, त्यात त्या वेळांचा वाटा आहे. ही लाज कुणाच्याही उपयोगाची नाही, अण्णांच्या तर मुळीच नाही. ती सोडून द्या.

पत्रातल्या दुसऱ्या एका गोष्टीला मात्र माझी हरकत आहे. अण्णांनी काहीतरी लपवलं, असा सूर तुमच्या घरात लागलाय. काय लपवलं त्यांनी? ‘बोटीवर होतो’ हे तर त्यांनीच सांगितलं होतं. कुठल्या बोटीवर, काय म्हणून, किती वर्षं, सोडलं कशासाठी, हे पुढचे प्रश्न कुणी विचारले नाहीत. एक वाक्य वर्षानुवर्षं घरात फिरत राहिलं आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागलं.

यात तुमचं घर जगावेगळं नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण दिवसभर प्रश्न विचारतच असतो, पण ते सगळे शरीराचे असतात. झोप लागली का, गुडघा कसा आहे, गोळी घेतली का. उत्तर हो किंवा नाही, की आपण मोकळे. वयावरून माणसाला एका खणात टाकून द्यायच्या या वृत्तीला रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1969 मध्ये ‘एजिझम’ असं नाव दिलं. नोकरी नाकारणं, हेटाळणी करणं ही तिची उघड रूपं झाली. घरातलं रूप प्रेमळ असतं, म्हणून ते चटकन ओळखू येत नाही. आजोबांना उन्हात नेऊ नका, आजोबांना त्रास देऊ नका, आजोबांना यातलं काय कळणार. यातलं एकही वाक्य कुणी दुष्टपणाने बोलत नाही. पण ती सतत कानांवर पडत राहिली की समोरचा माणूस जणू जन्मला तोच आजोबा म्हणून, असं मुलांनाच काय, मोठ्यांनाही वाटायला लागतं.

निकोलस विंटन यांचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. लंडनमधला हा शेअर दलाल 1938 च्या अखेरीस प्रागला गेला. नाझींच्या हातून तिथल्या मुलांवर, त्यातही प्रामुख्याने ज्यू मुलांवर काय ओढवणार आहे हे त्याने ओळखलं आणि सहकाऱ्यांच्या मदतीने पुढच्या काही महिन्यांत 669 मुलं रेल्वेने ब्रिटनला आणवली. पुढे संसार झाला, आयुष्य गेलं. 1988 मध्ये त्यांच्या पत्नीला माळ्यावर एक जुनी वही सापडली. मुलांची नावं, फोटो, पत्रं. मग बीबीसीच्या एका कार्यक्रमात विंटन प्रेक्षकांत बसले असताना त्यांच्या शेजारीपाजारी बसलेली माणसं उठून उभी राहिली, ती हीच मुलं होती, आता पन्नाशी-साठीची झालेली. ही हकीकत जगभर ‘पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं गुपित’ म्हणून सांगतात. मला तिच्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. 1954 मध्ये विंटन आपल्या गावच्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते, आणि प्रचाराच्या पत्रकात त्यांनी या कामाचा उल्लेख केला होता. छापून, घरोघर वाटून. निवडणूक ते हरले. गुपित कसलं? लोकांच्या हातात पत्रक होतं.

याच गोष्टीची आणखी एक बाजू अण्णांशी बोलण्याआधी तुम्हाला ठाऊक असायला हवी. मुलांची पुढची गाडी 1 सप्टेंबर 1939 ला प्रागहून सुटायची होती. तीत सुमारे 250 मुलं होती. त्याच दिवशी युद्ध पेटलं आणि गाडी सुटलीच नाही. त्यातली बहुतेक मुलं पुढे जिवंत राहिली नाहीत.

आता त्या समारंभातल्या गृहस्थांचं वाक्य परत वाचा. ‘आम्ही जे वाचलो.’ सगळे वाचले असते तर माणूस ‘आम्ही वाचलो’ म्हणतो. मी शब्दांचा कीस काढतेय असं वाटेल, आणि माझा तर्क चुकीचाही असू शकेल. पण काहीजण वाचले नसतील, तर मिठी मारणाऱ्याच्या मनात वाचलेले होते आणि गाडीत जाऊन बसलेल्याच्या मनात कदाचित बाकीचे. अशा माणसाला ‘अण्णा, तुम्ही केवढे शूर!’ म्हणून बघा. कौतुक त्याच्यापर्यंत पोचणार नाही, आणि या लोकांना आपलं काही कळणार नाही एवढं मात्र त्याला कळेल.

म्हणून शौर्याचा विषय तुमच्याकडून निघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बोलायचं कशावर? ते अण्णांनीच सांगितलंय. ‘ते माझं कामच होतं.’ तुम्हाला हे उडवून लावणं वाटलं, मला ते आमंत्रण वाटतं. काम विचारा. जन्मभर कुणी न विचारलेलं काम. रेडिओरूम म्हणजे ते बहुधा रेडिओ ऑफिसर असणार, आणि त्यांच्या उमेदीच्या वर्षांत ते काम काय होतं याची थोडी कल्पना तुम्हाला असली तर तुमचे प्रश्न आपोआप वेगळे होतील.

त्या काळी समुद्रावरची संकटाची हाक मोर्समध्ये, म्हणजे ठिपके-रेघांच्या सांकेतिक भाषेत जायची, 500 किलोहर्ट्झ या ठरलेल्या लहरीवर. दर तासाला दोन वेळा, 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत, त्या लहरीवर कुणी काहीही पाठवायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम होता. त्या तीन-तीन मिनिटांत फक्त ऐकायचं. कुठे दूरवर कुणी कमजोर यंत्रावरून मदत मागत असेल, तर ती गोंगाटात हरवू नये म्हणून. रेडिओरूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर तेवढे पट्टे लाल रंगवलेले असत. मालवाहू जहाजावर बहुधा एकच रेडिओ ऑफिसर. तो झोपला की ऐकणार कोण? त्यासाठी गजराचं एक यंत्र असे. संकटातल्या जहाजाने आधी चार-चार सेकंदांच्या बारा लांब रेघा पाठवायच्या. त्या ओळखल्या की दुसऱ्या जहाजावरचं यंत्र झोपलेल्या ऑपरेटरला उठवायचं. नुसत्या टकटकीच्या लयीवरून पलीकडे कोण बसलंय हे जुन्या ऑपरेटरांना कळत असे. याला ते त्या माणसाचा ‘हात’ ओळखणं म्हणत. 1 फेब्रुवारी 1999 पासून उपग्रहांवर आधारलेली नवी यंत्रणा सगळीकडे लागू झाली आणि जहाजावरचा मोर्सवाला माणूस कायमचा गेला. अण्णांनी रात्रंदिवस घोटून मिळवलेली विद्या आज जगात कुणालाही नको आहे, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. नको असलेल्या विद्येबद्दल माणूस स्वतःहून बोलत नाही.

तेव्हा एखाद्या दुपारी, घर शांत असताना, सहज विचारा. ते लाल पट्टे असलेलं घड्याळ तुमच्या खोलीत होतं का? एकटेच होतात, मग रात्री झोप कधी घ्यायचात? हवा खराब असताना हात कसा स्थिर राहायचा? मोर्स शिकवलं कुणी, आणि शिकताना सगळ्यात उशिरा काय जमलं? ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना’ असं म्हणू नका. या प्रश्नाने भलेभले गप्प होतात, कारण सुरुवात कुठून करायची हेच समजत नाही. ‘तेव्हा कसं वाटलं?’ हेही पहिल्या दिवशी नको. हाताने केलेल्या गोष्टी विचारा. वाटण्याचं असेल ते त्यातूनच वर येईल, किंवा येणार नाही.

उत्तराला वेळ लागेल. तो वेळ द्या. म्हातारा माणूस थांबला की आपण लगेच शब्द पुरवतो किंवा पुढचा प्रश्न टाकतो. थांबा. ज्या जागी ते अडले आहेत तिथेच बहुधा काहीतरी आहे.

इथे त्यांच्या तिरसटपणाबद्दलही बोलते, कारण मला त्याचा संशय वेगळा येतो. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या पट्टीत असते. त्यामुळे आवाज कानांवर येतो, शब्द लागत नाही. एकटा माणूस समोर बसून बोलला तर निभतं. टीव्ही चालू असेल, चारजण एकमेकांवर बोलत असतील, तर सगळ्याचा एकच गलका होतो. ज्याने ऐन तारुण्यात खरखरीतून क्षीण ठिपके-रेघा वेचून काढल्या, त्याला आज घरच्या टेबलावरचं वाक्य वेचता येत नाही. चिडेल नाही तर काय करेल? कानांची तपासणी करून घ्या. आणि बोलताना समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं. ओरडू नका, ओरडण्याने शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

बोलायला लागले की तुम्हाला एक गंमत दिसेल. गेल्या वर्षीच्या घटना पुसट झालेल्या, आणि पंचविशीतल्या केबिनमधली खिळ्यावरची टोपीसुद्धा ठळक. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सगळ्यात जास्त आणि ठसठशीत येतात, हे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलंय. याचा अर्थ त्या बिनचूक असतात असा मात्र नाही. आज जहाजाचं नाव एक सांगतील, महिन्याने दुसरं. वादळ मार्चमधलं की जूनमधलं यात घोटाळा होईल. तुमचा मुलगा लगेच मोबाइलवर शोधून ‘आजोबा, असं नव्हतं’ म्हणेल. त्याला आधीच सांगून ठेवा की ही उलटतपासणी नाही. तारखा हव्याच असतील तर कागद असतील. जहाजावरच्या माणसाकडे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक असतं, सीडीसी म्हणतात, शिवाय रेडिओचा परवाना असतो. घरात कुठेतरी असण्याचा संभव आहे. सापडले तर त्यांच्याच हातात द्या, आणि तुम्हाला बघायला मिळतील का असं विचारा. त्यांच्या पाठीमागे कपाट उपसू नका.

आता तुमचे यजमान. त्यांचं दुखणं खरं आहे, आणि ते मी थट्टेवारी नेणार नाही. वडिलांच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट परक्याच्या तोंडून, भर समारंभात कळली तर कुणालाही लागेल. पण ‘मला का नाही सांगितलंत?’ हा प्रश्न त्यांनी पहिला विचारू नये. त्यात विषय अण्णांचा राहत नाही, मुलाचा होतो, आणि मग म्हाताऱ्या बापाला स्वतःचा बचाव करावा लागतो. हा राग त्यांना तुमच्याजवळ काढू द्या.

शिवाय थोडा हिशेब मांडा. ती घटना घडली तेव्हा मुलगा जन्मला तरी होता का, की पाळण्यात होता? लहान मुलाला बुडत्या जहाजाची गोष्ट कुणी सांगत नाही, विशेषतः त्याच जहाजावर त्याचा बाप असेल तर. मुलगा ऐकण्याच्या वयाचा झाला तोवर अण्णा ऑफिसात हिशेब लिहीत होते. विषय काढायला निमित्त उरलं नव्हतं, आणि निमित्ताशिवाय स्वतःच्या पराक्रमाची गोष्ट काढणारा माणूस घरात कुणाला आवडतो? अण्णांनी ती वर्षानुवर्षं रोज सांगितली असती तर तुमचं पत्र वेगळं आलं असतं, ‘सासरे तीच ती गोष्ट सांगून भंडावतात, काय करू?’ अशी पत्रं माझ्याकडे याहून जास्त येतात.

काहींना गप्प राहण्याची शपथ असते. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क इथे दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल चालायची. तिथल्या हजारो लोकांमध्ये जवळपास तीन चतुर्थांश बायका होत्या. 1974 च्या सुमारास गोष्ट उघड होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षं त्यातल्या बहुतेकांनी तोंड उघडलं नाही, आईवडिलांपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही. काहींचे आईवडील आपली लेक युद्धात नुसती टायपिंग करत होती, अशा समजुतीतच गेले. आणि शपथ नसली तरी सवय असते. फिलिस लाटूर ही ब्रिटिश हेरखात्याची तरुण रेडिओ ऑपरेटर; मे 1944 मध्ये पॅराशूटने नॉर्मंडीत उतरली. सांकेतिक खुणांचं रेशमी कापड विणकामाच्या सुईला गुंडाळून ती केस बांधायच्या नाडीत लपवायची. तिथून तिने 135 संदेश पाठवले. पुढे ती न्यूझीलंडमध्ये राहिली. तिच्या मुलांना हे 2000 च्या सुमारास कळलं, तेही थोरल्याने इंटरनेटवर आईचं नाव वाचलं म्हणून. फ्रान्सने तिला 2014 मध्ये सन्मानित केलं, 2023 मध्ये 102 व्या वर्षी ती वारली. आईने तुम्हाला परकं मानलं, असं तिच्या मुलांना कुणी म्हणेल का? काही माणसं एक अनुभव घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवतात, म्हणजे घर त्यातून सुटतं. तुमच्या यजमानांचं बालपण ज्या सावलीशिवाय गेलं, ती सावली अण्णांनी आपल्यापाशी ठेवली, असंही याकडे बघता येईल.

फोन नंबराचा प्रश्न सोपा आहे. तो अण्णांचा आहे. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांना द्या. तुम्ही परस्पर फोन करून त्या गृहस्थांकडून सगळी हकीकत काढून घेऊ नका. मोह होईल, मला कल्पना आहे. लावायचा असेल तर ते म्हणतील. नंबर तुम्ही दाबून द्या, फोन स्पीकरवर ठेवू नका आणि खोलीबाहेर जा. दोघांचा काय तो हिशेब दोघांमध्ये होऊ द्या. आणि अण्णा महिनाभर त्या कागदाकडे बघणारही नाहीत, अशीही शक्यता धरून चाला.

नाही म्हणण्याचा हक्क त्यांना पूर्ण आहे, हे वेगळं सांगायला नकोच. विषय निघाल्यापासून झोप उडाली, रात्री दचकून उठायला लागले, जेवण सुटलं, असं काही दिसलं तर प्रश्न तिथेच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. जुनी भीती ऐंशीव्या वर्षीही ताजी होऊ शकते.

एक धोका मात्र मला या सगळ्यात दिसतो, तो सांगून टाकते. आयलीन निअर्न नावाच्या बाई सप्टेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की गावात आपल्या फ्लॅटमध्ये एकट्याच वारल्या, वय 89. शेजाऱ्यांना माहीत होतं ते एवढंच की बाई एकट्या राहतात आणि मांजरांचा लळा आहे. नातेवाईक सापडेना, म्हणून नगरपालिकेने सरकारी खर्चाने अंत्यविधी करायचं ठरवलं. कागदपत्रं शोधायला माणसं घरात गेली तर युद्धातली पदकं निघाली. बाई युद्धात जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समध्ये गुप्त रेडिओ ऑपरेटर होत्या, पकडल्या गेल्या होत्या, छळछावणीत राहून आल्या होत्या. मग वर्तमानपत्रांत मथळे आले, अंत्यविधीला गर्दी लोटली, लष्करी मान मिळाला. गोष्ट मोठी आहे, आणि ती वाचताना प्रत्येकाचं मन भरून येतं. पण मला दर वेळी दुसराच प्रश्न पडतो. पदकं निघाली नसती तर? मांजरांचा लळा असलेली एक एकटी म्हातारी, एवढीच ती असती, तर गर्दी सोडा, चार माणसं आली असती का?

तुमच्या घरात आज अण्णांभोवती जे वलय आलंय त्याबद्दल माझी हीच कुरकुर आहे. त्यांनी त्या जहाजावर नुसती पगारपत्रकं लिहिली असती, तरी टीव्ही बंद करून त्यांच्यासमोर बसायला हवंच होतं. गावोगावच्या घरांत बसलेल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या भूतकाळात बुडतं जहाज नसतं. कुणी पोस्टात पंचवीस वर्षं ठसे मारलेले असतात, कुणी एका माणसावर प्रेम करून दुसऱ्याशी संसार केलेला असतो, कुणी धंद्यात बुडून पै-पै फेडलेली असते. तेही ऐकण्यासारखं असतं.

आणि म्हणून मला तुमच्या सासूबाईंबद्दल बोलायचंय.

तुमच्या एवढ्या पत्रात त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलंय. ‘मला माहीत होतं’ म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तुम्ही तिथून सरळ पुढे गेलात. मी तिथेच अडकले. कधीपासून माहीत होतं? कुणी सांगितलं? जहाज संकटात आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी आली, तार आली, कुणी दार वाजवलं, की काही दिवस काहीच कळलं नाही? बोटीवरची नोकरी म्हणजे नवरा महिनोन्‌महिने घराबाहेर. मागे घर कुणी चालवलं? पत्र एखाद्या बंदरातून निघायचं आणि हातात पडेपर्यंत बोट तिसऱ्याच बंदरात असायची. मूल आजारी पडलं तर निर्णय कुणी घेतला? अण्णांनी समुद्र सोडला तो आपण होऊन, की त्यांनी सोडायला लावला? त्यानंतर इतकी वर्षं, रात्री कधी अण्णा जागे झाले असतील, तर शेजारी जागं कोण होतं? घरात ही एकमेव व्यक्ती आहे जिला सगळी गोष्ट माहीत आहे, आणि सगळं घर अण्णांकडे बघतंय.

बायकांच्या बाबतीत हे फार होतं, कारण त्यांनी केलेल्याला काम हे नावच सहसा मिळत नाही. सांगली जिल्ह्यातल्या हौसाबाई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी. 1943 मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्याच्या हातून मार खाणाऱ्या बाईचं सोंग केलं होतं. नवराही सोंगातलाच. आरडाओरडा इतका खरा की पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी चौकीतली हत्यारं पळवली. 2021 मध्ये 95 व्या वर्षी त्या गेल्या. अगदी उतारवयात पत्रकारांनी त्यांना गाठून विचारलं, म्हणून हे नीट नोंदलं गेलं. पुस्तकांत नाव वडिलांचं. तुमच्या सासूबाईंनी चौकी लुटली नसेल. पण त्यांना कुणी विचारलेलं नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे.

त्यांच्याशी बोलताना समोरासमोर बसवू नका. अण्णांना ऐकू यावं म्हणून समोर बसायचं, सासूबाईंच्या बाबतीत शेजारी बसा, हाताला काहीतरी काम असू द्या. ज्यांनी जन्मभर काम करत करत बोलणं केलं, त्यांना ‘बसा, बोला’ म्हटलं की अवघडायला होतं. आणि पहिला प्रश्न अण्णांबद्दलचा नको. ‘ते नसायचे तेव्हा तुम्ही एकट्या काय करायचात?’ इथून सुरू करा.

राहिली मुलं. त्यांचा उत्साह मला आवडला, बेत आवडला नाही. टीव्हीवर अचानक उभं करणं कार्यक्रमाला शोभतं. ऐंशी ओलांडलेल्या, गर्दीत शब्द न लागणाऱ्या आणि कौतुक झालं की गाडीत जाऊन बसणाऱ्या माणसाला भरल्या हॉलमध्ये नेऊन त्याच्याच आयुष्याचा सिनेमा दाखवू नका. मुलांना त्यापेक्षा चांगलं काम द्या. अण्णांकडून मोर्स शिका म्हणावं. अण्णा खरे मोर्सवाले असतील तर पहिल्याच दिवशी कागदावरचे ठिपके-रेघा फेकून देतील आणि कानाने शिका म्हणतील, कारण ते तसंच शिकतात. घरातली जुनी माणसं कुठून आली, काय करत होती, कुठे पडली-धडपडली हे ज्या मुलांना ठाऊक असतं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक असतो, असं अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांना वीस साध्या प्रश्नांवरून दिसलं होतं. पण ते उत्तरं पाठ करून येत नाही. त्या गोष्टी जिथे निघतात, तिथल्या नेहमीच्या ऊठबशीतून येतं.

रेकॉर्डिंग जरूर करा, फक्त आवाजाचं असलं तरी चालेल. कॅमेरा समोर आला की माणूस भाषण करायला लागतो. सुरू करण्याआधी विचारा, आणि ऐकणार कोण तेही सांगा. वाढदिवसाला व्हिडिओ करायचाच असेल तर तो दोघांचा करा, दोघांना आधी दाखवा, आणि जो भाग नको म्हणतील तो कापून टाका, तुमच्या मुलाला नेमका तोच सगळ्यात आवडला असला तरी.